बिल्डिंगचा फायर सर्व्हे करताय? या चुका टाळा

फायर ब्रिगेडकडून सांगलीत बिल्डिंगच्या पाहणीला गेलं की पहिली चूक तिथल्या ऑफिसातच होते. आपण प्लॅन उघडून बसतो, चहा येतो आणि फॉर्म भरून होतो. कागदावर पार्किंग असतं, प्रत्यक्षात तिथं शटर लावून गोडाऊन झालेलं असतं. म्हणून आधी तळघरापासून गच्चीपर्यंत चालत जा, कागद नंतर.

2006 च्या महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैला यंत्रणा चालू असल्याचं बी फॉर्म सर्टिफिकेट द्यावं लागतं, ते बघाच, पण हायड्रंटचा (आग विझवायच्या पाण्याच्या नळाचा) व्हॉल्व्ह स्वतः उघडा. पाणी नाही आलं तर खालून तपासत जा, टाकीत पाणी आहे का, पंपाला लाईट आहे का, पंप ऑटोवर आहे की मॅन्युअलवर, मधला व्हॉल्व्ह कुणी बंद करून ठेवलाय का.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मालाची. नुसतं "हळदीचं गोडाऊन" लिहून चालत नाही, थप्पी कुठल्या मजल्यावर आणि किती उंच ते लिहा, कारण पोती पाणी पितात. मिनिटाला 500 लिटरनं 20 मिनिटं पाणी मारलं की 10 टन झालं, त्यातलं निम्मं जरी पोत्यांत आणि फरशीवर राहिलं तरी मजल्यावर 5 टन जादा. गावभागातल्या जुन्या वाड्यात, लाकडी तुळया आणि मातीच्या भिंती असताना, जवानांना आत पाठवायचं की बाहेरूनच मारायचं हे आगीच्या रात्री नाही, आजच ठरवून सर्व्हेच्या शीटवर वरच लिहा. हळद दळायची गिरणी असेल तर वेगळीच गोष्ट, तिथं जोराचा जेट मारला की बारीक पूड हवेत उडते आणि भडका होतो, फवाराच वापरायचा.

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला खिडक्या नसतात, धूर आतच कोंडतो, आणि भिंतीतल्या थर्माकोल-पफ (फोम) मधून आग न दिसता पुढे सरकते. अमोनिया (गारव्यासाठी वापरतात तो विषारी वायू) असेल तर मेन व्हॉल्व्ह कुठं आणि तो बंद करणारा ऑपरेटर रात्री कुठं असतो ते विचारा, वाऱ्याच्या दिशेनुसार यायचे दोन रस्ते ठरवा.

गच्चीवर सोलर असेल तर नोंद हवीच, मेन स्विच पाडला तरी दिवसा पॅनलच्या वायरीत करंट असतो.

गेटची रुंदी डोळ्यानं ठरवू नका, टेप लावा आणि वरच्या वायरी पण बघा. गणपती पेठेत सकाळी 7 ला बंब जातो म्हणून संध्याकाळी 7 ला जाईलच असं नाही, मांडव घातले की तर रस्ताच बदलतो, त्यामुळे दोन्ही वेळेला ड्रायव्हरला घेऊन जा.

आणि मालक "रात्री कुणी नसतं" म्हणाला तरी एकदा रात्री 11 नंतर चक्कर मारा. माळ्यावर हमाल झोपलेले असतात, वॉचमनचं अख्खं कुटुंब जिन्याखालच्या खोलीत असतं, आणि ते प्लॅनमध्ये कुठंच नसतं.