स्टेशन डिझाईन करायचंय? आधी मिरजेच्या जिन्याखाली उभे राहा

मी रेल्वे स्टेशनं डिझाईन करते. सुट्टीत मी सांगलीला आले की आर्किटेक्चर शिकणारी एखादी पोर हमखास विचारते, "ताई, रेल्वे स्टेशनच्या कामात कसं शिरायचं?"

शिक्षणाची वाट सरळ आहे. गणितासह बारावी, नाटा ही प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर, पाच वर्षांचं बी.आर्क. आणि मग कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. रेल्वेच्या स्वतःच्या नोकरीत आर्किटेक्टच्या जागा मोजक्या, तिथलं बांधकाम मुख्यतः सिव्हिल इंजिनिअर सांभाळतात. म्हणून सल्लागार फर्म धरा, नाहीतर राइट्ससारख्या सरकारी कंपनीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

खरं शिक्षण नंतर सुरू होतं. मी कामाला लागले तेव्हा एका प्लॅटफॉर्मच्या शेडचं ड्रॉइंग केलं होतं. खांब सारख्या अंतरावर, कागदावर देखणे. साइटवरच्या इंजिनिअरसाहेबांनी ते पाहिलं आणि जिन्याच्या पायथ्याशी बोट ठेवलं. "इथं खांब आला तर हमालाची हातगाडी वळणार कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रविवारी मी मिरज जंक्शनवर जिन्याखाली तीन तास उभी राहिले. मिरजेला दवाखान्यासाठी लांबून माणसं येतात. एक मुलगा वडिलांना धरून एकेक पायरी उतरवत होता आणि मागे लोक थांबले होते. बाजूनं कुणी सतारीची पेटी डोक्यावर घेऊन वाट काढत होतं. खांबांची जागा मी त्यानंतर नव्यानं ठरवली.

रॅम्पचं गणित तेव्हाच पक्कं बसलं. चाकाच्या खुर्चीसाठी चढ १:१२. प्लॅटफॉर्मपासून पुलापर्यंतची उंची सहा मीटर धरली, तर रॅम्प ७२ मीटर लांब होतो, मधले थांबे वेगळेच. एवढी जागा नसते, म्हणून लिफ्टची जागा पहिल्या ड्रॉइंगपासून धरायची, शेवटी कोपऱ्यात कोंबायची नाही.

काही मापांना हात लावताच येत नाही. रुळांमधलं अंतर १६७६ मिमी, उंच प्लॅटफॉर्म रुळापासून ७६० ते ८४० मिमी. वर २५ हजार व्होल्टची तार. तारेजवळ काम करायचं तर ब्लॉक, म्हणजे गाड्या आणि वीज बंद ठेवलेली वेळ, मिळेपर्यंत थांबायचं, आणि तो मिळतो दोन-चार तासांचा, बहुधा रात्री. त्यामुळे शेडचे भाग बाहेर जोडून आणायचे आणि क्रेननं चढवायचे, हा विचार पेन्सिल हातात असतानाच करावा लागतो. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि मला वाटतं शिकवायलाच हवं.

साताऱ्याचं स्टेशन माहुलीजवळ, शहराबाहेर. तिथं इमारतीपेक्षा बाहेरचं अंगण महत्त्वाचं: रिक्षा कुठं थांबेल, पावसात माणूस कोरडा कसा पोचेल. सांगलीत काम असेल तर आधी २००५ आणि २०१९ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, मग विजेच्या पॅनेलची खोली किती उंचीवर हवी ते ठरवा.

आत्ता पाहायचं असेल तर लोणंदला जा. अमृत भारत योजनेतून नवं केलेलं ते स्टेशन मे २०२५ मध्ये खुलं झालं. टेप आणि वही न्या, गाडी येण्याआधी अर्धा तास पोचा, आणि लोक आपणहून कुठं बसतात ते नकाशावर टिंबांनी मांडा. मापं पिवळ्या पट्टीच्या मागे राहूनच घ्या.