घरच्या गॅरेजसाठी कार लिफ्ट घेताय? आधी जमीन आणि छत बघा, मग लिफ्ट

स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करणाऱ्या माणसाला कधी ना कधी लिफ्ट हवीशी वाटतेच. जॅक लावायचा, स्टँड टाकायचे आणि पाठीवर सरपटत जाऊन सायलेन्सरचे नट सोडवायचे हे काही वर्षं जमतं, मग क्लच प्लेट बदलायची वेळ आली किंवा सस्पेन्शनचे सगळे बुश एकदम काढायचे झाले की कळतं की उभं राहून काम करण्यात किती फरक आहे. बंगला असेल, फार्महाऊसवर शेड असेल किंवा गावाकडच्या घराला लागून मोकळी जागा असेल तर लिफ्ट बसवणं अगदी शक्य आहे. पण बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात, आधी ऑनलाईन लिफ्ट बघतात, किंमत ठरवतात आणि मग ती कुठे बसेल याचा विचार करतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी टेप घेऊन गॅरेजमध्ये जा, कोणती लिफ्ट घ्यायची हे निम्मं तिथेच ठरतं.

आधी छत. छताची उंची मोजताना स्लॅबपर्यंतची नाही, सगळ्यात खाली जे लटकतंय त्याची मोजा, म्हणजे बीम, रोलिंग शटरची गुंडाळी, पंखा, ट्यूबलाईट. घराची नेहमीची दहा फुटी उंची धरली तर ते होतात साधारण ३.०५ मीटर. आता स्विफ्टसारखी हॅचबॅक टू-पोस्टवर, म्हणजे दोन खांबांच्या लिफ्टवर उचलली तर लिफ्टच्या हातांवरचे रबरी पॅड गाडीला खालून लागतात तिथपासून टपापर्यंत अंदाजे १.३ मीटर गाडी असते, वर १० सेंटिमीटर तरी मोकळे सोडायचे, म्हणजे गाडीच्या खाली तुम्हाला १.६५ मीटरच्या आसपास जागा मिळते, साडेपाच फुटाला जरा कमी. मान थोडी वाकवावी लागेल पण काम होतं. तेच फॉर्च्युनर घेतली तर तिची उंचीच १८३५ मिलिमीटर, तिच्याखाली १.४ मीटरच्या आतबाहेर उरतील, मग स्टुलावर बसून काम करायचं. हा हिशोब तुमच्या घरातल्या सगळ्यात उंच गाडीसाठी करा, आज आहे तिच्यासाठी आणि पुढे घ्यायची इच्छा आहे तिच्यासाठी पण.

रुंदीला टू-पोस्ट लिफ्ट साधारण ३.३ ते ३.५ मीटर खाते, म्हणजे अकरा साडेअकरा फूट, आणि खांबाच्या बाहेरून माणूस जायला हवा, त्यामुळे आतून बारा फूट म्हणजे कशीबशी, तेरा चौदा असेल तर आरामात. लांबीला गाडी पाच मीटरच्या आत असली तरी पुढे टूलची ट्रॉली आणि कामाचं टेबल येतंच, वीस बावीस फूट धरा.

आता जमीन, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण जीव जमिनीवर अवलंबून आहे. टू-पोस्ट लिफ्ट फक्त अँकर बोल्टच्या, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेल्या बोल्टच्या जोरावर उभी असते, गाडीचं सगळं वजन त्या दोन खांबांच्या बुडाशी येतं आणि खांब आतल्या बाजूला ओढले जातात. त्यामुळे खाली नुसता कोबा असेल, शहाबादी फरशी असेल, पेव्हर ब्लॉक असतील तर त्यावर लिफ्ट बसवायचीच नाही. फरशीवरून ड्रिल मारून बोल्ट ठोकून देणारे फिटर भेटतील, त्यांना सरळ नाही म्हणा, फरशी तेवढ्या भागातली काढून खालचं काँक्रीट दिसलंच पाहिजे. काँक्रीटची जाडी किती आहे हे कळायला कोपऱ्यात एक बारीक भोक पाडा, ड्रिल एकदम आत गेलं की काँक्रीट संपून मुरूम लागला, मग वाकवलेली तार घालून खोली मोजा. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये कमीतकमी चार ते सहा इंच काँक्रीट आणि ३००० पीएसआय (काँक्रीट किती दाब सोसतं त्याचं माप) ताकद लिहिलेली असते, ती आपल्याकडच्या एम-२० ग्रेडच्या काँक्रीटपेक्षा किंचित जास्त, म्हणून एम-२५ च करायचं. लिफ्टबरोबर येणारे अँकर बोल्टच बऱ्याचदा १५ सेंटिमीटर लांब असतात, तेव्हा चार इंचावर समाधान मानू नका.

नवीन करायचं असेल तर खड्डा खणून सोलिंग म्हणजे दगडांचा थर, मुरूम चांगला पाणी मारून दाबलेला, वर सळईची जाळी टाकून आठ इंच आरसीसी, खांब येतात त्या दोन ठिकाणी अजून जाड केलं तर उत्तम. आणि नंतर २८ दिवस थांबायचं. गवंडी म्हणेल आठ दिवसात गाडी चढवा, गाडी चढवणं वेगळं आणि त्यात बोल्ट ताणणं वेगळं. काळ्या मातीचा भाग असेल, म्हणजे सोलापूर, मराठवाडा, नाशिकचा बराचसा पट्टा, तर ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिच्यावरचा पातळ कोबा हमखास तडकतो, म्हणून माती पुरेशी खोल काढून मुरमाचा भराव करणं तिथे गरजेचं आहे, आणि लोकल सिव्हिल इंजिनिअरला एकदा दाखवून घ्या, हे पैसे वाचवू नका. बोल्ट तड्याजवळ, जॉईंटजवळ किंवा स्लॅबच्या कडेला येता कामा नये. खाली बेसमेंट किंवा पाण्याची टाकी असेल तर टू-पोस्ट विसरा. गॅरेजला पाणी जायला ढाळ दिलेला असतो तो पण तपासा, थोडा फरक खांबाखाली शिम म्हणजे पातळ पत्रे टाकून निघतो, जास्त असेल तर लेव्हल करून घ्यावं लागेल.

मग प्रकार. खरंखुरं रिपेअरिंग करायचं असेल, चाकं काढायची, गिअरबॉक्स उतरवायचा, तर टू-पोस्टसारखं काही नाही, कारण गाडीचं पोट पूर्ण मोकळं मिळतं आणि चारही चाकं लटकत राहतात. यात दोन उपप्रकार, एकात दोन खांबांना जोडणारी पट्टी जमिनीवर असते आणि दुसऱ्यात डोक्यावर. जमिनीवरच्या पट्टीवाली साधारण २.८ मीटर उंच असते म्हणून दहा फुटी छताखाली बसते, पण ती पट्टी पायात येते आणि गिअरबॉक्सचा जॅक सरकवताना आडवी येते. डोक्यावरून जोडलेलीला बारा फुटाच्या आसपास छत लागतं. घरच्या गॅरेजसाठी मी जमिनीवरचीच घ्या म्हणेन, पट्टीची सवय होते, स्लॅब काही उंच होत नाही.

फोर-पोस्टवर, म्हणजे चार खांबांच्या लिफ्टच्या प्लॅटफॉर्मवर गाडी सरळ चढवायची, ऑईल बदलणं, सायलेन्सर, खालून पाहणी यासाठी छान आणि एका गाडीवर दुसरी गाडी ठेवायला तर हीच. चार पायांवर वजन वाटलं जात असल्याने जमिनीचे नखरे कमी. पण चाकं प्लॅटफॉर्मवर टेकलेली असतात, ब्रेक किंवा सस्पेन्शनचं काम करायचं तर मध्ये सरकणारा वेगळा जॅक घ्यावा लागतो. दोन गाड्या एकावर एक ठेवायच्या तर दीड दीड मीटरच्या दोन हॅचबॅक आणि मधला प्लॅटफॉर्म धरून ३.३ मीटर तरी लागतात, म्हणजे दहा फुटात होत नाही.

छत कमी असेल तर मिड-राईज सिझर, म्हणजे कात्रीसारखी उघडत अर्ध्या उंचीपर्यंत उचलणारी लिफ्ट. मीटर सव्वा मीटर उचलते, ब्रेक, टायर, सस्पेन्शन, डेंटिंग, वॉशिंग सगळं बसून आरामात होतं, फक्त गाडीच्या मधोमध लिफ्टच असल्यामुळे गिअरबॉक्स आणि सायलेन्सरकडे हात नीट जात नाही. ही जमिनीत खाच करून बसवली तर दिसायला सुंदर, पण पावसाळ्यात त्या खाचेत पाणी साठतं, निचऱ्याची सोय आधी करा. आणि जुन्या पद्धतीचा सर्व्हिसिंगचा खड्डा स्वस्त पडतो म्हणून तो खणायचा विचार असेल तर एवढं लक्षात घ्या की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात जाऊन बसते, हवा खेळती नसेल तर एका ठिणगीत आग लागू शकते. मी घरी खड्डा करा असं कुणालाच सांगणार नाही.

कपॅसिटी चार टनाची घ्या. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, इनोव्हा या दोन टनांच्या अलीकडेपलीकडे असतात, तरी चार टन का, तर टू-पोस्टचे चार हात गाडी उचलतात, त्यातल्या प्रत्येक हातावर एक चतुर्थांशच क्षमता असते आणि गाडीचं वजन इंजिनामुळे पुढे जास्त असतं, शिवाय मागे सामान भरलेलं असतं. वजनाइतकंच महत्त्वाचं म्हणजे हात कुठे पोचतात. स्विफ्टचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, फॉर्च्युनरचा २७४५, इनोव्हा हायक्रॉसचा २८५०, तुमच्या सगळ्या गाड्यांच्या लिफ्टिंग पॉईंटला चारही हात पोचतात का हे विकत घेण्याआधी कागदावर काढून बघा. मोनोकॉक, म्हणजे वेगळी चेसिस नसलेल्या गाड्यांना दरवाजाखालच्या पट्टीवर खुणा असतात तिथेच पॅड लावायचे, थारसारख्या लॅडर फ्रेमवाल्यांना, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या चेसिसवर बॉडी बसवलेल्यांना, चेसिसखाली, आणि त्यासाठी उंच अडॅप्टर लागतात ते लिफ्टबरोबरच मागून घ्या. इलेक्ट्रिक गाडी असेल तर पोटाखाली बॅटरी असते, पॅड तिच्यावर चुकूनही येता कामा नये.

करंटचं आधी विचारा. वर्कशॉपच्या लिफ्ट सहसा थ्री फेजच्या असतात आणि घरात महावितरणचं कनेक्शन बहुधा सिंगल फेज. सिंगल फेजची मोटर मिळते, पण ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. २.२ किलोवॅट म्हणजे तीन एचपीची मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते, म्हणून मीटरपासून वेगळी लाईन, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग. घरच्या इन्व्हर्टरवर ही चालणार नाही. आणि एक गोष्ट विक्रेते स्वतःहून सांगत नाहीत, लिफ्ट लॉकवर (वर गेल्यावर वजन धरून ठेवणाऱ्या खांबातल्या खिट्ट्यांवर) टेकलेली असताना खाली घ्यायची तर आधी थोडी वर उचलावी लागते तेव्हाच लॉक सुटतात, म्हणजे लाईट गेली की गाडी वरच. जिथे लोडशेडिंग होतं तिथे हातपंपाची सोय असलेलं मॉडेल बघा.

विक्रेत्याकडे मॅन्युअल मागा, लोड टेस्टचं सर्टिफिकेट मागा, वायर रोप आणि सिलेंडरचे सील कुठे मिळतील आणि दुरुस्तीला कोण येणार हे लेखी घ्या. इंपोर्टेड असेल तर युरोपचं ईएन १४९३ स्टँडर्ड लिहिलंय का ते बघा, अमेरिकेत राहत असाल तर एएलआय या तिकडच्या लिफ्ट तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं सोनेरी लेबल बघूनच घ्या, मात्र तिकडची मोटर ६० हर्ट्झची असते तेव्हा परत येताना लिफ्ट आणायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे कोइमतूरची एटीएस एल्जी आणि अजूनही काही कंपन्या आहेत, तुमच्या जिल्ह्यात ज्यांचा सर्व्हिसवाला आहे ती कंपनी बरी. सेकंडहँड मिळत असेल तर वायर रोपच्या तुटलेल्या तारा, खांबातल्या नायलॉन पॅडची झीज, हातांचे वेल्डिंग आणि लॉकचे दात नीट बघा, हायड्रॉलिकऐवजी फिरत्या स्क्रूवर चालणारी असेल तर तिच्या नटची झीज किती झालीय ते मोजून घ्या. कोकणात खाऱ्या हवेत वायर रोप लवकर गंजते, उघड्या शेडमध्ये ठेवणार असाल तर ग्रीसिंग नियमित.

माल उतरवायला माणसं गोळा करून ठेवा, टू-पोस्टचं वजन सहाशे सातशे किलोच्या घरात असतं, जमलं तर हायड्रा म्हणजे छोटी क्रेन बोलवा. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या जोरालाच) आणि तो जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचनेच आवळायचे. पहिल्या दिवशी गाडी फक्त सहा इंच उचला, हलवून बघा, चारही पॅड नीट बसलेत आणि हातांचे लॉक अडकलेत ना बघा, मग वर न्या आणि दोन्ही खांबांचे लॉक वाजले की थोडी खाली घेऊन वजन लॉकवर टेकवा. नुसत्या हायड्रॉलिकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, एक मिनिट पण नाही. इंजिन किंवा गिअरबॉक्स काढताना तोल बदलतो, तेव्हा दुसऱ्या टोकाला उंच स्टँड लावा. पहिल्या काही वेळा वापरून झाल्यावर सगळे अँकर बोल्ट परत टॉर्क रेंचने तपासा, एखादा सारखा सैल होत असेल तर तिथलं काँक्रीट कच्चं आहे, लिफ्ट तेवढ्यावर थांबवा आणि इंजिनिअरला बोलवा.