तुमच्या सुपरहिरोला भाकरी किती लागतात? मर्यादित शक्तींचं जग रचताना या चुका टाळा

पेरण्या आटोपल्या की माझ्याकडे वह्या येऊ लागतात. आता वह्या कमी, व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफ जास्त. आत गोष्ट तीच. आपल्या विदर्भातल्याच खेड्यातला पोरगा, त्याला एक शक्ती, आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरात, 'या जगात शक्तींना मर्यादा आहेत.' वाचून बरं वाटतं. दहाव्या पानावर पोरगा भरलेली ट्रॉली उचलून फेकतो आणि त्याच्या नाकातून रक्ताचा एक थेंब येतो. झाली मर्यादा.

तो थेंब मी आता दिसेल तिथे लाल पेनानं खोडतो. रक्त पुसून पोरगा संध्याकाळी पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभा असेल, तर त्यानं काहीच मोजलेलं नाही. ज्यानं उद्याचं काम अडतं ती किंमत. डवऱ्याची, म्हणजे कोळपणीची, पाळी चुकली, मजुरी बुडाली, बाजाराचा दिवस गेला, असं काहीतरी दाखवा. वेदना लिहिणं सोपं असतं, म्हणून नवशिके वेदना लिहितात.

मीच तोंडावर पडलो ती गोष्ट

आम्ही सहा जण एकाच काल्पनिक गावाच्या गोष्टी लिहायचो. गाव वर्धा नदीच्या अलीकडचं, काळ्या मातीचं, कापूस-तूर-सोयाबीनचं. माझा नायक हातानं वीज द्यायचा. पहिल्याच गोष्टीत हरभरा फुलावर आलेला, लाईन गेलेली, आणि हा पाच एचपीच्या मोटरीच्या तारा मुठीत धरून रात्रभर ओलीत करतो. मर्यादा काय, तर 'तो थकतो'. एवढेच दोन शब्द, तेही फार अभिमानानं लिहिलेले.

कोजागरीला दूध आटत होतं तोवर पारावर ही गोष्ट वाचली. लोकांना आवडली. मग मागून एक आबाजी बोलले, "मास्तर, तुमचा पोट्टा मोटर चालवते. मंग आपली डीपी जळून पंधरा दिवस झाले, तिले काऊन नाही लावत हात?"

डीपी म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर. सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, कारण प्रश्न बरोबर होता. असा पोरगा गावात असला तर सकाळी त्याच्या दारात आधी मोटरवाले येतील, मग चक्कीवाला, मग लग्नातला डीजेवाला. ग्रामसभेत त्याच्यावर ठराव होईल. शेजारच्या गावचे त्याला रात्री उचलून नेतील. लायनमन त्याचा वैरी होईल, नाहीतर भागीदार. माझ्या पुढच्या गोष्टींत यातलं काहीच नव्हतं, तिथे हा वाघापासून गुराखी वाचवत हिंडत होता. बाकी पाच जणांनीही त्याला आपापल्या गोष्टींत घेतलेला. वर्षभराचं लिखाण पोत्यात बांधून माळ्यावर टाकावं लागलं.

दुरुस्तीसाठी मी कॅल्क्युलेटर काढला. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे पाच एचपीची मोटर आठ तास चालवायला साधारण ३० युनिट. एका युनिटात ८६० किलोकॅलरी. ज्वारीची एक भाकर, १०० ग्रॅम पिठाची धरली तर, ३५० च्या आसपास. म्हणजे एका रात्रीला ७४ भाकरी. वर आपलं शरीर खाल्लेल्यातलं जेमतेम चौथा हिस्सा कामात उतरवतं, म्हणजे ३०० भाकरी. दिवसभर राबणारा माणूस सरासरी ७५ वॅट देतो असं धरलं, तर पाच एचपी म्हणजे पन्नास मजूर एकाच वेळी जुंपलेले. आणि मी लिहिलं होतं, 'तो थकतो'.

मग उलटं मोजलं. एका भाकरीत काय होईल? फवारणीच्या पंपाची बॅटरी, बारा व्होल्ट आठ अँपिअर-अवरची, एकदा भरेल. किंवा चार-पाच मोबाईल. बस्स. त्या दिवसापासून नियम एकच, एक भाकर, एक बॅटरी. डीपीचा प्रश्न आपोआप मिटला. ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीचे दहा-बारा पंप चालतात, तिला हात लावला तर पोराचं कोळशात रूपांतर होईल हे लहान लेकरालाही कळतं.

प्रत्येक शक्तीला असं कॅल्क्युलेटर लागतं असं नाही. पण मोजता येईल असं काहीतरी लागतं, आणि ते गावातल्या मापात लागतं. 'प्रचंड ताकद' म्हणजे किती क्विंटल? पाऊस पाडणारी नायिका असेल तर ध्यानात ठेवा, एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. ते कुठून आलं? कोणाच्या वाट्याचा ढग पळवला? इथे खरी गोष्ट सुरू होते आणि बहुतेक जण इथेच विजेचा कडकडाट लिहून मोकळे होतात.

माझी सवय सांगतो, पद्धत म्हणू नका. नवी शक्ती सुचली की मी ती कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना सांगतो. पहिला वापर त्याच काढतात, आणि तो कधीच लढाईचा नसतो. दूरचं ऐकू येणारी पोरगी सांगितली, तर एक जण म्हणाली, "मंग वजनकाट्यापाशी मालक काय पुटपुटते थे तिले आयकू येत असन." मी तीन महिने त्या पोरीला चोरांच्या मागे धाडत होतो.

शेवटच्या लढाईत सुटणारी गाठ

दुसरी माझी आवडती चूक. नियम वीस पानं सांभाळायचा आणि एकविसाव्या पानावर 'पण आज त्याच्या डोळ्यांसमोर आई होती' म्हणत सोडून द्यायचा. आई सगळ्यांनाच असते. आईच्या आठवणीनं बॅटरी भरत असेल तर मग पहिल्या पानापासून भरू द्या. पूर्व विदर्भात, वडसा-देसाईगंजकडे झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. तिथला प्रेक्षक पहाटे चारलाही पहिल्या अंकातलं विसरलेला नसतो. वाचकही तसाच असतो, फक्त तो ओरडत नाही, गुपचूप पुस्तक मिटतो.

मी एक वही ठेवतो. एका पानावर काय जमतं, समोरच्या पानावर काय जमत नाही. गोष्ट अडली की दुसऱ्या पानात भर घालतो, पहिल्याला हात लावत नाही. अडचण वाढवली की वाट सापडते, शक्ती वाढवली की गोष्ट संपते.

बाकीच्या, थोडक्यात

लोणार. दर तिसऱ्या वहीत शक्ती लोणारच्या उल्केतून येते. ती उल्का पडून हजारो वर्षं झाली आणि सरोवराच्या काठावर गाव नांदतंय, मग शक्ती तुमच्याच नायकाला का? २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं तेही खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे. शक्ती कुठून आली हे नाही सांगितलं तरी चालतं, खरंच.

गुप्त ओळख. हजार-बाराशे वस्तीच्या गावात दुपारी केलेलं संध्याकाळी पानठेल्यावर असतं. कोणाला माहीत नाही हे लिहू नका, कोण माहीत असून गप्प बसतं आणि का, ते लिहा.

मे महिन्यात पाठीवर झूल. चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. दुपट्टा बांधा त्याला.

खलनायकाला मर्यादाच नाही. ही चूक सगळे करतात.

विदर्भ एकच समजणं. वऱ्हाडातला कापसाचा माणूस आणि भंडारा-गोंदियातला धानाच्या बांधीतला माणूस एकाच शक्तीचा वेगळा वापर करेल. बोलीही वेगळी.

आणि कृपा करून मला 'नियमांचा तयार तक्ता' मागू नका. दर आठवड्याला कोणीतरी मागतं. रविवारी जग, सोमवारी गोष्ट, मंगळवारी मालिका, अशी घाई असते. काही जण याच्या उलट, चाळीस पानांचा इतिहास पाठवतात, त्यात एकही माणूस जेवत नाही.

पुढच्या कोजागरीला मी भाकरीवाली दुरुस्त गोष्ट वाचली. पोरगा फवारणीच्या बॅटऱ्या भरतो, पाच बॅटऱ्यांना पाच भाकरी, हिशेब चोख. आबाजी तिथेच मागे बसले होते. शेवटपर्यंत काही बोलले नाहीत, दूधही पिऊन झालं, तेव्हा मला वाटलं या खेपेला सुटलो. जाता जाता म्हणाले, "पाच भाकरी यानंच खाल्ल्या, मंग घरात उपाशी कोन झोपलं थे नाही सांगतलं मास्तर तुम्ही."

त्या घरात चुलीपाशी बसणारं माणूस मी लिहिलंच नव्हतं. सातवी गोष्ट तिच्यापासून सुरू केली आहे.