ग्रुपवर वाद रंगवा, भांडण नको

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या दोस्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मराठी-कानडी एकाच ओळीत येतं. येऊ द्या, मजा त्यातच आहे.

गाण्यावर बोलताना नुसतं ‘भारी’ नको. कितव्या मिनिटाची तान ऐकायची ते लिहा. गायक कुमार गंधर्व मध्य प्रदेशातल्या देवासचे की आपले, असा वाद निघाला तर सरळ सांगा: जन्म १९२४, सुळेभावी, बेळगाव जिल्हा.

मालिकेतलं वळण दुसऱ्या दिवसापर्यंत फोडू नका. आवडता स्पर्धक ठरवायला पोल घ्या, पण ‘एकापेक्षा जास्त उत्तरं’ बंद करा. नाहीतर सगळे दोघांनाही मत देतात आणि निकाल लागत नाही.

खरी काळजी विद्यार्थी राजकारणात. १ नोव्हेंबरला कर्नाटकचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन एकत्र येतात, तेव्हा जुने व्हिडिओ नव्याने फिरतात. दुहेरी बाण (म्हणजे मेसेज खूपदा फॉरवर्ड झालाय) दिसला की तारीख तपासल्याशिवाय पुढे ढकलू नका. चेष्टा मुद्द्याची करा. भाषा, जात, आडनाव यांची कधीच नाही. ज्याला टोमणा मारताय त्याच्याच मेसेजवर रिप्लाय द्या, नाहीतर तो भलत्यालाच लागतो. शब्द चुकला तर १५ मिनिटांत एडिट होतो. स्क्रीनशॉट मात्र राहतो. फारच पेटलं तर अ‍ॅडमिनने रात्रीपुरतं मेसेज पाठवणं ‘फक्त अ‍ॅडमिन’ करावं.