सड्यावरची ट्रायल्स बाईक

ट्रायल्स बाईक म्हणजे दगडधोंड्यांवरून तोल सांभाळत चढवायची हलकी मोटरसायकल. नवशिक्याने ३०० सीसीच्या मोहात पडू नये, २५० पुरे. गाडी जेमतेम सत्तर किलोची; थ्रॉटल जरा जास्त पिळला की चाक वर आणि आपण जांभ्यावर. जुनी घेताना खालची बॅश प्लेट, म्हणजे इंजिनाला दगडांपासून वाचवणारी पत्र्याची ढाल, बघा. चेपलेली चालेल, चिरलेली नको.

देवगडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, मी मागच्या टायरात ४-५ पीएसआयच हवा ठेवतो, म्हणजे टायर दगडाला चिकटून चढतो. तेवढ्या हवेवर डांबरी रस्त्यावर पळवू नका.

खरा वैरी खारा वारा. पुळणीवरून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरून, आलात की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, चेनला तेल द्या. मी एकदा आळस केला. आठवड्यात कड्या आखडल्या, हलवल्या की तांबडी पूड भुरभुरायची. एअर फिल्टरचा स्पंजही धुवा, वाळवा, तेल लावूनच बसवा. पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून तो रिकामा करा.