सज्जनगड पाहताना: आधी काय वाचावं, वर काय बघावं

सज्जनगडावर जाणारे बहुतेकजण समाधीला नमस्कार करतात, प्रसाद घेतात आणि ठोसेघरच्या धबधब्याकडे निघतात. समर्थ रामदास 1676 साली इथे राहायला आले आणि 22 जानेवारी 1682 रोजी इथेच त्यांनी देह ठेवला. ही शेवटची वर्षं समजून घ्यायची तर निदान अर्धा दिवस हवा, आणि थोडं वाचन घरूनच करून जावं.

अख्खा दासबोध घाईने संपवायला जाऊ नका. 20 दशक, 200 समास (छोटी प्रकरणं) दोन दिवसांत उरकले तर काहीच हाती लागत नाही. शिवाय दासबोध लिहिला गेला ती जागा म्हणजे मुख्यतः महाडजवळची शिवथरघळ. गडावर ती शोधाल तर गोंधळ होईल. त्याऐवजी समर्थांचाच फक्त 5 समासांचा 'आत्माराम' वाचा, आणि शिवाजी महाराजांच्या मागे संभाजीराजांना लिहिलेलं 'अखंड सावधान असावें' हे पत्र. उतारवयातल्या समर्थांची राज्याविषयीची काळजी त्यात थेट दिसते.

साताऱ्याहून बोगद्यातून ठोसेघर रस्त्याने साधारण 15 किलोमीटर. गाडीतळापासून सुमारे 200 पायऱ्या आहेत. परळी गावातून चढायचं तर त्या बऱ्याच जास्त. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात आणि वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही, म्हणून रेनकोट आणि पकड असलेली चप्पल हवीच. दुसऱ्या दरवाजाजवळचा फारसी शिलालेख चुकवू नका: हा मुळात आदिलशाहीतला परळीचा किल्ला, 1673 मध्ये स्वराज्यात आला.

वर पोचलात की आधी शेजघर, म्हणजे समर्थांची निजायची खोली. पितळी खुरांचा पलंग, कुबडी, आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी ज्यांतून उरमोडी नदीचं पाणी आणत ते हंडे. एवढ्या चढावर ते भरून आणणं म्हणजे काय, हे पायऱ्या चढून दमलेल्याला लगेच कळतं! मग राममंदिर. मूर्ती तंजावरच्या, निर्वाणाच्या काही दिवसच आधी गडावर आलेल्या. समाधी खाली तळघरात. मंदिर संभाजीराजांनी बांधवलं.

उरलेला वेळ अंगलाई देवी आणि टोकाच्या धाब्याच्या मारुतीला द्या. माघ वद्य प्रतिपदा ते नवमी दासनवमीचा, म्हणजे समर्थांच्या पुण्यतिथीचा उत्सव असतो. तेव्हा शेजघरात उभं राहायला जागा मिळत नाही. सायंउपासनेची करुणाष्टकं ऐकायची असतील तर भक्तनिवासात मुक्कामाची सोय आधी विचारून ठेवा, कारण रात्री गडाचे दरवाजे बंद होतात.