खोडव्यात पाचट पेटवू नका, सरीत दाबा

ऊस तुटून गेला की जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक म्हणजे खोडवा. तोडणीनंतर फडात हेक्टरी साधारण 8 ते 10 टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पडून राहतं. काडी लावली की रान तासाभरात मोकळं होतं खरं, पण त्यातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरावाटे उडून जातो, वरच्या थरातले जिवाणू मरतात आणि धूर आसपासच्यांच्या छातीत जातो. एवढं खत हातानं जाळणं मला तरी पटत नाही.

आधी बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत घ्या. बुडखे झाकलेले राहिले तर ऊन लागत नाही, फुटवे कमी आणि पिवळट येतात. मग धारदार कोयत्यानं बुडखे जमिनीलगत छाटा, म्हणजे कोंब मातीखालच्या डोळ्यांतून जोमदार फुटतात. सरीतल्या पाचटावर टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट पसरा. पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धकही टनामागे 1 किलो, शेणखतात मिसळून टाका. लगेच पाणी द्या. पाचट मातीला चिकटलं की कुजायला लागतं.

या आच्छादनानं तण दबतं, ओल टिकते. पाण्याच्या दोन पाळ्यांतलं अंतर वाढवता येतं, आणि उसासारख्या तहानलेल्या पिकात हीच मोठी बचत आहे.